माल मिळाला, तपासणी बाकी

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. सुवर्णा थेटे तिथे स्टोअर सांभाळतात. लग्न होऊन गिरणाऱ्याला आल्या, थोरली आरोही बालवाडीत जायला लागली आणि त्या स्टोअरमध्ये रुजू झाल्या. आता आरोही नोकरीला लागली, तरी त्या अजून तिथेच आहेत. नवरा गोरक्ष घरची टोमॅटोची शेती बघतो. सुवर्णाताई सकाळी स्कूटरवर सातपूर गाठतात आणि बेअरिंग, ऑइल सील, बोल्ट, ग्रीसचे डबे यांच्या मांडण्यांमध्ये दिवसभर वावरतात. इतक्या वर्षांत वार्षिक मोजणीला त्यांच्याकडचा एक नग कमी भरलेला नाही. ऑडिटर त्यांच्या स्टोअरमध्ये मोजायला येत नाहीत, चहाला येतात, असं कारखान्यात म्हणतात. एवढ्या नोकरीत त्यांनी काय कमावलं असं कुणी विचारलं, तर त्या बहुधा हेच सांगतील.

मग त्यांच्याकडे स्टोरेज आलं.

कारखान्यात कम्प्युटरचं सगळं बघणारा साई नावाचा एकच माणूस होता. त्याला पुण्यात दुसरी नोकरी लागली. त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत काम कुणी बघायचं, यावर प्लँट मॅनेजर शेखर सरांनी बैठक घेतली. अकाउंटवाल्यांनी महिनाअखेर पुढे केली, डिझाइनवाल्यांनी नवीन गिऱ्हाईक. कुणी वर बघेना. तेव्हा शेखर सर सुवर्णाताईंकडे वळले. “ताई, तुम्ही स्टोअर बघताच. हे स्टोरेज. नावातच आलं.”

सगळे हसले. सुवर्णाताईही हसल्या. दुसऱ्या दिवशी तसा मेल आला तेव्हा त्यांना कळलं की सर गंमत करत नव्हते.

साईने जाता जाता एका दुपारी त्यांना सगळं दाखवलं. अकाउंटच्या खोलीला लागून काचेच्या दाराची एक छोटी खोली होती. तिथला एसी कधी बंद होत नसे. आत लोखंडी कपाट, कपाटात एक आडवी पेटी, आणि पेटीच्या तोंडाशी उभ्या कप्प्यांची रांग. कप्प्यात एकेक डिस्क, डिस्कवर एकेक हिरवा दिवा. कारखान्याची सगळी ड्रॉइंग आणि मालाच्या तपासणीचे सगळे अहवाल त्या पेटीत होते. ट्रॅक्टर कंपनीचे लोक तपासणीला आले की पहिली मागणी याच दोन गोष्टींची करत.

साईच्या म्हणण्याप्रमाणे करण्यासारखं फार काही नव्हतं. सकाळी आणि जेवणानंतर स्क्रीनवर अलार्मचं पान उघडायचं, काय आलंय ते बघायचं. पेटी विकणाऱ्या कंपनीचे पुण्याचे लोक लांबून लक्ष ठेवूनच असतात. “मोठं काही झालं तर ते बघून घेतील,” तो म्हणाला. शनिवारी तो काहीतरी कॉपी काढत असे, तेही सांगणार होता. तेवढ्यात त्याला हिशेब चुकता करायला वर बोलावलं आणि ते राहून गेलं.

अलार्मचं पान सुवर्णाताईंनी दुसऱ्या दिवशी एकटीने उघडलं. वरच्या कोपऱ्यात तीन आकडे होते, एक लाल, एक नारिंगी, एक पिवळा. खाली ओळीने संदेश. प्रत्येक संदेशासमोर तो कधी आला, कुठल्या भागाचा आहे आणि किती गंभीर आहे हे लिहिलेलं. ओळीवर दाबलं की खाली इंग्रजीत एक चौकट उघडे. त्यात आधी कारण असे, मग काय करायचं त्याच्या पायऱ्या. पायऱ्या कितीही असोत, शेवटची एकच असे, तांत्रिक साहाय्याशी संपर्क साधा. मग पहिल्या पायऱ्या कशासाठी लिहितात, हे त्यांना समजलं नाही.

त्याहून न समजणाऱ्या गोष्टी पुढे होत्या. सकाळी बॅटरी कमी असल्याचा नारिंगी संदेश असायचा आणि जेवून येईपर्यंत तो आपोआप गेलेला असायचा. जुन्या संदेशांच्या पानावर त्याच्यापुढे ‘रिकव्हर्ड’, म्हणजे पूर्ववत झालं, असा शब्द उमटलेला. कुणी काही केलेलं नसायचं. सुवर्णाताईंच्या मांडणीवरून गेलेलं बेअरिंग कधी आपल्या पायांनी परत आलेलं नव्हतं. एकदा पंखा जोरात फिरतोय असा संदेश आला. तो वाचून त्या खोलीत गेल्या, तर पंख्याचा आवाज नेहमीसारखाच वाटत होता. नेहमी कसा वाटतो हे मात्र त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं.

या सगळ्यात एक बटण तेवढं त्यांना पहिल्या झटक्यात समजलं. प्रत्येक संदेशाच्या टोकाला होतं, ‘अ‍ॅक्नॉलेज’.

अ‍ॅक्नॉलेजमेंट म्हणजे पोच. हा शब्द त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गेटवर टेम्पो लागतो, ड्रायव्हर चलन घेऊन येतो, त्या नग मोजतात आणि चलनावर शिक्का मारतात, ‘माल मिळाला, तपासणी बाकी’. ड्रायव्हर पोच घेऊन जातो. माल चांगला आहे की खराब, ठेवायचा की परत पाठवायचा, हे तपासणी खोलीतले लोक ठरवतात. पोच देणाऱ्याने फक्त एवढंच सांगायचं असतं, की वस्तू दारात आली. पोच न देता ड्रायव्हरला ताटकळत ठेवणं हा स्टोअरमध्ये उद्धटपणा समजला जातो.

म्हणून त्या सकाळी यायच्या, संदेश वाचायच्या आणि प्रत्येकाला पोच द्यायच्या. बटण दाबलं की ओळ पानावरून निघून जाई आणि वरचा आकडा उतरे. सगळे आकडे शून्यावर आले की त्या पान मिटून आपल्या मांडण्यांकडे वळत. पुण्याचे लोक बघताहेत, आपण कळल्याचं सांगितलं, पुढचं त्यांचं. शेखर सरही कधी येता-जाता डोकावून शून्य बघत आणि मान हलवून पुढे जात.

पावसाळा संपता संपता एक लाल संदेश आला. एक डिस्क निकामी झाली होती. पण पाठोपाठ दुसरा संदेश होता, की राखीव डिस्कने तिची जागा घेतली आहे आणि काम चालू आहे. म्हणजे मोडलं आणि दुरुस्तही झालं. त्यांनी दोन्हींना पोच दिली.

संध्याकाळी घरी भाकऱ्या करताना त्यांनी हे गोरक्षला सांगितलं. तो दिवसभर टोमॅटोची प्रतवारी करून आला होता. त्याने विचारलं, मग मेलेली डिस्क काढली का. त्या म्हणाल्या की साईने कशालाही हात लावू नका असं बजावलंय, ती आहे तिथेच आहे.

“मेलेली पेटीतच ठेवत्यात?” गोरक्ष म्हणाला. “एक नासका टोमॅटो क्रेटमधी राहिला तर मार्केटला जाईस्तोवर खालचा थर जातो. तुमच्या कंपनीचं लय न्यारं हाय.”

दुसऱ्या सकाळी आणखी एक संदेश होता. ‘हॉट स्पेअर’ शिल्लक नाही. हे वाक्य सुवर्णाताईंना कालच्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त कळलं. स्पेअर संपला की काय करायचं, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. त्यांनी संदेशाला पोच दिली आणि खरेदी विभागाकडे मागणी पाठवली, हॉट स्पेअर, नग एक.

खरेदीतला स्वराज मागणीपत्र हातात धरून स्टोअरच्या खिडकीशी आला. “ताई, स्पेअर कळला. हॉट कसला? पार्टीला काय लिहू, गरम गरम पाठवा?”

“मशीन तसंच म्हणतंय,” सुवर्णाताई म्हणाल्या. “मी कुठे माझ्या मनाने लिहिलंय?”

स्वराजने शेखर सरांना विचारलं. सर म्हणाले की पेटीचा करार आहे, डिस्क करारात येते, पुणेवाले आणून बसवतील, विकत कशाला घ्यायची. मागणी रद्द झाली. पुण्याला कुणी सांगितलं का, हे सरांनी विचारलं नाही, कारण पुण्याला दिसतच असणार. सुवर्णाताईंनीही विचारलं नाही, कारण सर म्हणाले आणतील.

दिवाळी झाली. कुणी काही आणलं नाही. मग एका सोमवारी अकाउंटमधल्या शुभांगीने स्टोअरला फोन केला. तिचं टेबल त्या काचेच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे.

“सुवर्णाताई, तुमचं लेकरू रडतंय. घ्या त्याला उचलून.”

पेटी वाजत होती. एकाच सुरातला बारीक आवाज, थांबून थांबून. सुवर्णाताईंनी पान उघडलं. आणखी एक डिस्क गेली होती. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की डिस्कचा गट आता ‘डिग्रेडेड’ आहे. हा शब्द त्यांना माल नापास होतो तेव्हाच्या शेऱ्यासारखा वाटला. मागच्या वेळी पाठोपाठ चांगली बातमी आली होती, तशी ही येईल म्हणून त्या थांबल्या. ती आली नाही. त्यांनी पोच दिली. आवाज बंद करायचं एक वेगळं बटण शोधून तेही दाबलं. शुभांगीने भिंतीवर दोनदा टकटक करून आभार मानले.

त्यानंतर दोन दिवस पिवळे संदेश येत राहिले. कुठल्या तरी तिसऱ्या डिस्कवर वाचताना अडखळत होतं. पिवळं म्हणजे किरकोळ. त्या पोच देत होत्या आणि आकडे शून्यावर येत होते, पण मनाला काही पटत नव्हतं. स्टोअरमध्ये त्यांचा एक नियम होता. कम्प्युटर काही म्हणो, शंका आली की मांडणीपाशी जाऊन डोळ्यांनी बघायचं. त्या काचेच्या खोलीत गेल्या.

पेटीवर एक कप्पा पूर्ण अंधारात होता. दुसऱ्यावर नारिंगी दिवा स्थिर जळत होता. तिसरा हिरवा होता, पण मधूनच नारिंगी होऊन परत हिरवा होत होता. स्क्रीनवर सगळं शून्य होतं. एकच वस्तू दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगत होती आणि कुणाचं खरं मानायचं हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी पेटीवर चिकटवलेला पुण्याचा नंबर लावला.

फोन निकिता नावाच्या इंजिनिअरने उचलला. तिने पेटीचा क्रमांक विचारला, थोडा वेळ तिच्या बाजूने फक्त कळा दाबल्याचा आवाज येत होता.

“मॅडम, तुमच्याकडचे सगळे अलार्म अ‍ॅक्नॉलेज झालेत.”

“हो. मीच केलेत.”

“मग तुमच्याकडे कोण काम करतंय त्यावर?”

“माझ्याकडे कोण असणार? तुम्ही बघताय ना?”

“मॅडम, अ‍ॅक्नॉलेज केलं याचा अर्थ आमच्याकडे असा लागतो की तुमच्या माणसाने हे हातात घेतलंय. मग आमच्या यादीत ते खाली जातं. आम्ही मध्ये पडत नाही.”

“मी पोच दिली,” सुवर्णाताई म्हणाल्या. “मिळालं म्हणून सांगितलं. हातात घेतलं असं कुठे म्हटलं?”

निकिताने विचारलं की शेवटची कॉपी कधी काढलीय.

साईचं जाता जाता काय सांगायचं राहून गेलं, ते सुवर्णाताईंना तेव्हा कळलं. त्याच्या खणात एक काळी डिस्क सापडली. डिझाइनच्या माणसाने ती लावून बघितली. साई असेपर्यंतचं सगळं तिच्यावर होतं. तो गेला त्या शनिवारपासून पुढे काहीच नव्हतं. म्हणजे जुनं सुरक्षित होतं. पेटीसोबत जाणार होते ते उन्हाळ्यापासूनचे महिने, नव्या गिऱ्हाइकाची सगळी ड्रॉइंग आणि तेव्हापासूनचे तपासणी अहवाल. नेमका तेवढाच काळ, जेवढा पेटी सुवर्णाताईंच्या ताब्यात होती.

निकिताने समजावलं की या गटाला एका वेळी एक डिस्क गेली तर चालतं. पहिली गेली ती राखीव डिस्कने भरून काढली. दुसरी गेली, तिला राखीव नाही. आता अडखळतेय ती तिसरी पुरती गेली की संपलं. पेटी बंद करू नका, कशाला हात लावू नका, मी निघते.

शेखर सर आले तेव्हा त्यांना हे सगळं दोनदा सांगावं लागलं. त्यांनी आधी पुणेवाल्यांना नावं ठेवली, मग साईला. मग सुवर्णाताईंकडे बघून म्हणाले, “पण ताई, रोज शून्य दिसत होतं की.”

“शून्य मीच करत होते, सर.”

सरांना हेही नीट कळलं नसावं. ते खुर्ची ओढून बसले आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

निकिता दुपारी पोचली, तीन डिस्क घेऊन. फोनवरच्या आवाजावरून सुवर्णाताईंना कुणी पुण्याच्या बाई वाटल्या होत्या. आली ती आरोहीच्या वयाची मुलगी. कपाट उघडताना तिला घरून फोन आला. “आये, कामवर शे, मंग बोलू,” म्हणून तिने तो ठेवला. बोली ऐकून सुवर्णाताईंनी विचारलं, तर सटाण्याची निघाली. पुण्याची म्हणून जिची वाट बघितली ती आपल्याच बाजूची निघावी, एवढ्यानेही सुवर्णाताईंना थोडं बरं वाटलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

निकिताने स्क्रीनवरून खूण पाठवली तसा नारिंगी कप्प्याचा दिवा लुकलुकायला लागला. ती डिस्क तिने ओढून काढली आणि नवी सरकवली. स्क्रीनवर एक पट्टी उमटली आणि मुंगीच्या पावलाने भरू लागली. बाकीच्या डिस्कवरून वाचून नव्या डिस्कवर सगळं पुन्हा लिहिलं जात होतं. अडखळणाऱ्या डिस्कवरूनही. सुवर्णाताईंनी खुर्ची घेतली नाही. स्टोअरला कुलूप लावून त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि टेम्पोवाले गेटवर पोचेसाठी खोळंबले.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेल्यावर एक पिवळा संदेश आला. मग आणखी काही. निकिताने ते एकेक करून वाचले. सुवर्णाताईंचा हात सवयीने माउसकडे गेला आणि मध्येच थांबला.

“हे काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं.

“काही जागा वाचता आल्या नाहीत. त्या सोडून पुढे गेलंय.”

“म्हणजे काय गेलं?”

“ते पेटीला माहीत नसतं, काकू.” मॅडमची काकू कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. “तिला फक्त जागा कळते. त्या जागेवर कुठली फाइल होती, होती की रिकामी होती, ते फाइल उघडल्यावरच कळणार.”

“आणि उघडली तर कळेलच?”

“बरेचदा कळतं,” निकिता म्हणाली.

संध्याकाळी पट्टी भरली. अडखळणारी डिस्कही बदलली गेली, अंधारातल्या कप्प्यात नवी राखीव डिस्क बसली आणि दुसऱ्या दिवशी सगळे दिवे हिरवे झाले. निकिताने जाण्यापूर्वी सुवर्णाताईंच्या नावावरचे अधिकार बदलले. आता त्यांना अलार्म नुसते बघता येतात. पोच देण्याचं बटण राखाडी झालं आहे, दाबलं तरी हलत नाही. शेखर सरांनीच तसं करायला सांगितलं होतं आणि ते त्यांनी सुवर्णाताईंच्या तोंडावर सांगितलं. सुवर्णाताई ‘बरं’ म्हणाल्या. पुढे पुण्याच्या कंपनीचा आणि कारखान्याचा चूक कुणाची यावर बराच पत्रव्यवहार झाला. दोन्हीकडच्या पत्रांत ‘अ‍ॅक्नॉलेज’ हाच शब्द होता, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा.

शेखर सरांनी त्या आठवड्यात त्यांना जिन्यात गाठून सरळ विचारलं, “ताई, आपलं काही गेलं का?”

मांडणीवरची कुठलीही वस्तू असती तर त्यांनी जिन्यातच उत्तर दिलं असतं. कमी असलेला नग आपली जागा रिकामी ठेवून जातो, तिथे बोट ठेवता येतं. इथे सगळ्या फाइलींची नावं जागेवर होती, मोजली तर बेरीज पूर्ण भरत होती.

“माहीत नाही, सर,” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे उत्तर सरांनी या बाईकडून ऐकलेलं नव्हतं.

तेव्हापासून रोज दुपारी, आवक संपली की, सुवर्णाताई अकाउंटच्या रिकाम्या टेबलावर बसून उन्हाळ्यानंतरची ड्रॉइंग एकेक करून उघडतात. हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. रेघा असतात, वर्तुळं असतात, बाणांच्या टोकाला आकडे असतात. आकडा बरोबर आहे की डिस्कने अडखळून भलताच दिलाय, हे त्यांना ओळखता येत नाही. उघडलं म्हणजे ठीक असावं, असं धरून त्या पुढे जातात. शुभांगी विचारते, ताई, डिझाइनमध्ये बदली झाली का. त्या हसतात आणि पुढची फाइल उघडतात.

परवा एक फाइल उघडली आणि पांढरं पान आलं. फक्त चौकट होती, कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव, आत काही नाही. सुवर्णाताईंनी डिझाइनच्या माणसाला हाक मारली. त्याने वाकून बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

“हे आम्ही कोरंच ठेवलं होतं,” तो म्हणाला. “नंतर भरायचं म्हणून. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?”

तोवर त्याला आतून कुणीतरी बोलावलं आणि तो गेला. सुवर्णाताईंनी ते पान तसंच उघडं ठेवलं आणि शेजारी पुढचं उघडलं.